तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

उन्जो आणि सोल्लान यांचं मुंडन एकाच सकाळी झालं, एकाच घंगाळातल्या पाण्याने. उन्जोचं आधी झालं म्हणून ती अर्ध्या तासाने थोरली. कोरियातल्या ताएबेकच्या डोंगरातल्या त्या छोट्या मठात ध्यानाला बसायची जागा वयावर नाही, दीक्षेच्या वेळेवर ठरे. त्यामुळे पुढची बारा वर्षं सोल्लानची गादी उन्जोच्या उजव्या हाताला राहिली.

"थोरली आहेस म्हणून तुझे बूट पुसणार नाही हं मी," सोल्लानने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

उन्जो खालच्या खोऱ्यातल्या कोळसा पाडणाऱ्याची मुलगी, बोलायला कमी. सोल्लान पूर्व किनाऱ्यावरची, हसली की दालनाबाहेर ऐकू जाई. रात्रीचं बसणं आटोपल्यावर दोघी भाताच्या करपलेल्या खरवडीचं कोमट पाणी एका वाडग्यातून पीत, तेवढंच काय ते त्यांचं सुख.

मठात अठ्ठावीस भिक्षुणी होत्या. मठप्रमुख होत्या, ध्यानदालनाच्या प्रमुख म्योजन सुनीम होत्या (भिक्षुणीला आदराने सुनीम म्हणत), पण हुकूम असा कुणाचा चालत नसे. हिवाळ्याची तीन महिन्यांची बैठक सुरू व्हायच्या आधी, किम्चीचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे, रांजण जमिनीत पुरून झाले की सगळ्या दालनात जमत. भात कोण शिजवणार, चुलीला लाकडं कोण घालणार, संडास कोण धुणार, हे सगळ्यांच्या संमतीने ठरे आणि शाईने लिहून भिंतीला लागे. एका हिवाळ्यात संडासापुढे खुद्द मठप्रमुखांचं नाव होतं, आणि त्यांनी ते काम चोख केलं. भांडण, चूक, रजा, सगळ्याचा निवाडा तिथेच व्हायचा. म्योजन सुनीम गोष्ट मांडत आणि तीनदा विचारत, "हे मान्य आहे का? जिला नसेल तिने बोलावं." तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही की बांबूची चिपळी तीनदा वाजवायची, निवाडा झाला. गप्प बसणं म्हणजे होकार.

बैठकीच्या काळात फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियमही असाच सगळ्यांनी मिळून केलेला. आईबाप मरणाला टेकले तर सात दिवसांची सवड. त्याहून उशीर झाला तर तीन वर्षं दालनात जागा नाही, मठही सोडायचा.

होजिन नावाची बावीस वर्षांची पोरगी वडिलांना माती देऊन नवव्या दिवशी परतली, तेव्हा बऱ्याच जणींचा जीव तिच्यासाठी तुटला. पण उन्जो उठून म्हणाली, "सात म्हणजे सात. आज नवाला हो म्हटलं, तर उद्या बाराला नाही कशाला म्हणायचं?" निवाडा तसाच झाला. होजिन रडत डोंगर उतरली.

संध्याकाळी पाणी भरताना सोल्लानने दोन घागरी भरून ठेवल्या. मग म्हणाली, "बरोबर बोललीस तू. पण थोडं कमी बरोबर बोलली असतीस तरी चाललं असतं."

दोन वर्षांनी ऐन हिवाळ्यात सोल्लानलाच तार आली. आईचं शेवटचं चाललं होतं. सोल्लान गेली. पाचव्या दिवशी बर्फ सुरू झालं आणि सातव्यापर्यंत खिंड बुजली. उन्जो भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसे, पण कान फाटकाशी. दहाव्या दिवशी दुपारी सोल्लान आली. बस खिंडीच्या पलीकडेच थांबली होती, तिथून ती चालत आली होती. गुडघ्यापर्यंत कपडे गोठून पुठ्ठा झाले होते. आई गेली होती.

तासाभरात सगळ्या जमल्या. सोल्लान दाराजवळ बसली, बाजू मांडायला तिने नकार दिला. म्योजन सुनीमांनी पहिल्यांदा विचारलं. "सोल्लान सुनीमांनी तीन वर्षं दालनाबाहेर राहावं. हे मान्य आहे का?"

कुणीच बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चार-सहा जणींनी उन्जोकडे पाहिलं. तिच्या ओठांवर आलं होतं, बर्फ काही हिने पाडलं नाही. पण डोळ्यांपुढे होजिन उभी राहिली. तिच्या वेळी एक माप आणि मैत्रिणीच्या वेळी दुसरं? ते कुठल्या तोंडाने बोलायचं? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उन्जो खाली जमिनीकडे बघत राहिली. बांबूची चिपळी तीनदा वाजली.

फाटकात उन्जोने स्वतःची लोकरी टोपी काढून सोल्लानच्या डोक्यावर घातली. सोल्लान म्हणाली, "गप्प बसलीस ते बरं केलंस," आणि बर्फातली वाट धरली. तो टोमणा होता की तिला खरंच तसं वाटत होतं, हे उन्जोला कळलं नाही. चेहरा पाहून कळेल म्हणावं, तर तो तिने वळवला होता.

शेजारची गादी रिकामी राहिली नाही. पुढची भिक्षुणी एक जागा सरकली, तीही भली होती, पण घोरायची. तीन वर्षं सरली तेव्हा बैठकीच्या आदल्या दिवशी उन्जो सकाळपासून फाटकाशी झाडत होती. झाडलेलंच पुन्हा झाडत होती. सोल्लान आली नाही. किनाऱ्यावरच्या एका मठात ती म्हाताऱ्या भिक्षुणींची सेवा करते, असं कुणीतरी सांगितलं. हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची अशा दोन बैठकींच्या मधे तीन महिने मोकळे असत, बाकीच्या गावोगाव फिरून येत. किनारा एका दिवसाच्या वाटेवर होता. पण उन्जो दरवर्षी मठाच्या कागदी खिडक्यांना नवे कागद चिकटवायचं काम काढून बसे.

अशी पंधरा वर्षं गेली. म्योजन सुनीम वारल्या आणि सगळ्यांनी उन्जोला दालनाची प्रमुख केलं. पहिल्याच सभेत तिने मांडलं, "यापुढे गप्प बसणं म्हणजे होकार धरायचा नाही. प्रत्येकीने तोंडाने हो किंवा नाही म्हणायचं."

ऐंशीच्या पोम्हे सुनीम लगेच म्हणाल्या, "अठ्ठावीस जणी बोलायला लागल्या तर सकाळचा भात दुपारी मिळेल गं बाई!" सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर एक तरुण भिक्षुणी नम्रपणे म्हणाली, "सुनीम, जिला बोलायचं असतं तिला आज तरी कोण अडवतंय?"

सूचना बारगळली, आणि ती बारगळल्याची चिपळी उन्जोनेच वाजवली.

त्या वसंतात ती किनाऱ्याकडच्या बसमध्ये बसली. सोल्लान मठामागे चटईवर समुद्रशेवाळ वाळत घालत होती. पाठीत वाकली होती.

"आलीस?" ती म्हणाली. "हे टोक धर. वारा आहे."

दोघींनी मिळून सगळं शेवाळ पसरलं. मग उन्जोने हात पुसत पुसत विचारलं, "त्या दिवशी मी गप्प बसले, त्याचा राग आहे?"

"त्या दिवसाचं काय घेऊन बसलीस! तू बोलली असतीस तर मलाच होजिनपुढे मान खाली घालावी लागली असती." सोल्लान थांबली. "पण नंतर? पंधरा वर्षं रस्ता बंद होता का गं? दर वसंतात वाटायचं, या बसमधून तू उतरशील."

उन्जो रडली. सोल्लानने रडू दिलं, मधे एकदा चटईवरचा दगड तेवढा नीट केला.

"चल वर," उन्जो शेवटी म्हणाली. "तुझी जागा मी मागते सभेत."

"वर यायला मी इथे दोनदा मागितली सुट्टी. ह्या म्हाताऱ्यांना उचलणार कोण, म्हणाल्या सगळ्या. खरंच आहे ते. सात जणी आहेत. डोळे मिटून बसले की अजून डावीकडे तूच असतेस, एवढ्यावर भागवते मी."

उन्जो चार दिवस राहिली. भांडी घासली, म्हाताऱ्यांना अंघोळी घातल्या. पाचव्या दिवशी बस आली तेव्हा सोल्लान खिडकीखाली येऊन म्हणाली, "पुढच्या वर्षी वाळवलेली अळंबी आण डोंगरातली. जाडी आणू नकोस, इथे कुणाला दात नाहीत."

बस वळणाला लागली. उन्जोने मागच्या काचेतून पाहिलं, सोल्लान चटईवरचं शेवाळ पालथं करत होती.