केबीकाका आणि मूळ फोटो

केबीकाकांना कुठलाही फोटो दाखवा, तो छान आहे की नाही हे ते कधीच सांगायचे नाहीत. "किती केबी?" एवढंच विचारायचे. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो मी कौतुकाने बघत होते, तर म्हणाले, "एकेक फोटो आठ एमबीचा पाठवलाय. अक्कल गहाण टाकलीय त्या फोटोग्राफरने." अंधेरीच्या आमच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं होतं.

आमची कंपनी वेबसाइटवर साड्या विकायची. विणकरांकडून साडी यायची, फोटो काढून झाले की परत जायची. ते फोटो कापून, रंग जुळवून, वजनाला हलके करून वेबसाइटवर चढवायचे, हे काकांचं खातं. मी विक्रोळीहून कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन आले तेव्हा मला काही म्हणजे काही येत नव्हतं. सगळं काकांनी शिकवलं. फोटो हलका झाला की काच तडकलेला एक जुना मोबाइल घेऊन ते तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरायचे, कारण तिथे रेंज रडतखडत यायची. "हयसर उघडलो तर आमच्या गावातय उघडतलो," म्हणायचे. "बाई फोटोची वाट बघत बसत नाही गो. दूध उतू जातं, सासू हाक मारते, ती गेली!"

रंगाच्या बाबतीत ते हट्टी, खरं तर उर्मटच होते. साहेब म्हणायचे, जांभळा जरा चमकवा. काका मान वर न करता विचारायचे, "घरी गेल्यावर ती साडी चमकणार आहे का? मग मी नाही चमकवणार." साहेबांच्या डोळ्यांत ते खुपायला लागले ते तेव्हापासून.

त्यांचा नियम एकच. मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी कॉपी, मग काम. एकदा लहान करून सेव्ह केला की गेलेला बारकावा ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. मूळ फोटो जपायला आणखी एक डिस्क द्या, म्हणून ते सहा महिने साहेबांच्या मागे होते. साहेब नुसते हो हो करत राहिले.

दिवाळीच्या सेलच्या घाईत मी नेमकं तेच केलं. कॉपी न करता मूळ फोल्डरवरच सगळे फोटो एकगठ्ठा लहान करायला लावले आणि जेवायला गेले. परत येऊन काठावरचे मोर मोठे करून पाहिले, तर नुसता चिखल. साड्या केव्हाच विणकरांकडे परत गेल्या होत्या.

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "कोणी केलं हे?" काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते थांबले. मी भित्री. चपलांकडे बघत राहिले. नवी नोकरी, घरी आईचं आजारपण, सबबी भरपूर होत्या. आज त्या सबबींची मला किळस येते. शेवटी काकाच म्हणाले, "खातं माझं, जबाबदारी माझी." साहेबांना निमित्तच हवं होतं. आठवड्याभरात काका घरी बसले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. त्यांना कुठे माहीत आहे, असं मी रोज त्या खुर्चीत बसून मनाला समजावत होते.

दीड वर्षाने धीर करून कांदिवलीला त्यांच्या घरी गेले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला या धंद्यात कोण घेतो? काका घरीच होते. काकूंनी चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली. काकांनी आईची चौकशी केली, कुठले डॉक्टर तेही विचारलं. निघताना दाराशी मी कसंबसं म्हटलं, "काका, तो फोल्डर..."

"कोणाच्या मशीनवरून सेव्ह झालं ते दिसतं गो. त्याच दुपारी बघितलं होतं मी."

"मग सांगितलं का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

आवाज जराही चढला नव्हता. मी चपलांत पाय सरकवले.

"तुझ्या आईक बरा वाटतला," ते म्हणाले. "पण तू आता परत येव नको."