दीडशे टक्के, शंभर टक्के

चादरींच्या घड्या घालायचं काम आज अर्ध्यावरच राहिलं. एक टोक माझ्या हातात, दुसरं वन्संच्या. तेवढ्यात वन्संच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "ताई, ह्या मोठ्या पडद्यावर तू वाचतेस तरी कशी? अक्षरं आहेत की मुंग्या?"

विजेचं बिल भरायला हे वन्संच्या टेबलाशी बसले होते. वन्संच्या हातातलं टोक सुटलं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून छापखान्यात सगळे त्यांना वेलांटीबाई म्हणत. माझी वाणसामानाची यादीही त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. "अगं, मीठ दीर्घ असतं. तू ऱ्हस्व लिहिलंस, तेवढं जेवण अळणी होणार."

प्रकाशकांनी त्यांना शब्दकोशाचं काम दिलं आणि अख्खं पान एका नजरेत दिसावं म्हणून मोठा मॉनिटरही पाठवला. वन्सं लॅपटॉपवर फाईल उघडत आणि पान ओढून मॉनिटरवर नेत. तिकडे गेलं की अक्षरं बारीक. लॅपटॉप जवळ, मॉनिटर हातभर लांब; त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं की जवळचं अजून दिसतंय, लांबचं गेलं. चष्मेवाला म्हणाला, नंबर तोच आहे. त्यांना वाटलं, बिचारा धीर देतोय. घरात कुणाला विचारलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईला स्वतःचं अडलेलं सांगणं जड जातं. पडद्याला नाक लावून बसायच्या, डोकं धरून उठायच्या. 'म' अक्षर कसंबसं संपवलं आणि प्रकाशकांना फोन केला, "माझी नजर गेली. कोशात चुका राहायला नकोत. उरलेलं दुसऱ्या कुणाला तरी द्या."

तो फोन कानावर पडल्यापासून मी मात्र रोज देवापुढे बसून त्यांच्यासाठी नजर मागत होते.

आज हे सेटिंगमध्ये शिरले. "हे बघ, लॅपटॉपवर अक्षरांचं स्केल दीडशे टक्के आहे आणि मॉनिटरवर शंभर. म्हणून इकडचं तिकडे नेलं की बारीक होतं." मॉनिटर निवडून तिथेही दीडशे केलं, फाईल बंद करून पुन्हा उघडली, पान ओढलं. इकडचा 'म' आणि तिकडचा 'म' एकसारखा. वन्संनी दोन्ही पडद्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग मागे सरकत दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "'मार्मिक'वरचा रफार राहिलाय. मी तपासून दिलेलं पान आहे हे."

"मला विचारायचंस ना, ताई."

"तुला? निबंध माझ्याकडून तपासून घ्यायचास तू."

हे हसले. वन्सं हसल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या, मग त्यांनी फोन लावला. प्रकाशकांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाई, 'य'पासून पुढचं सगळं गेल्या आठवड्यातच दिलं हो. करारही झाला. तुम्हीच म्हणालात म्हणून."

"श, ष, स तरी?" वन्संनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणाकडे काही मागताना मी पाहिलं नव्हतं.

"सगळंच दिलंय, बाई."

"बरोबर आहे. मीच म्हणाले होते." त्यांनी फोन ठेवला.

एका आकड्यापायी हातचं काम गेलं. आम्ही तिघं एका घरात राहतो, त्यांचं डोकं दुखायचं तेव्हा मी चहा नेऊन द्यायचे, पण त्या पडद्याकडे कधी वाकून पाहिलं नाही. नजर शाबूत आहे म्हणून संध्याकाळी देवाचे आभार मानायला बसले, पण तशीच उठले आणि राहिलेल्या चादरींच्या घड्या घालायला लागले.

वन्संनी ते पान छापून काढलंय, रफाराची लाल खूण केलीय. उद्या सकाळी ते द्यायला त्या प्रकाशकांच्या ऑफिसात जाणार आहेत.