मशीनवरचा रुमाल

या, अशा जवळ सरका. दाराशी काय बसता परक्यासारखं? येऊन दोन दिवस झाले म्हणे, आणि तोंड आज दाखवताय. बरं, असू द्या. चहा होईस्तोवर आमच्या मास्तरचं सांगते.

मास्तर म्हणजे बाईमाणूस हो. धाराशिवात शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना, म्हणजे पत्र्याचं शेड आणि ओळीनं शिलाई मशीन. कापड बेतून कापायचं काम तिच्याकडं, म्हणून सगळ्याजणी तिला मास्तर म्हणायच्या. मी काज-बटणाला. कुणी काही गाऱ्हाणं घेऊन गेलं की मान वर न करता तिचा सवाल ठरलेला, "मग लेकरं कुठंयत?" सासू बोलली, नवरा रुसला, काही सांगा. एकदा मालक म्हणाले, "मास्तर, लाईट गेली." तरी सवयीनं तिनं तेच विचारलं.

एका पावसाळ्यात नदी-नाले भरून वाहिले. सकाळी मोबाईलवर निरोप यायचा, आज शाळा बंद. सुट्टी शाळेला, कारखान्याला नाही. आमच्यात शोभा म्हणून होती. दोन लहान लेकरं, नवरा पुण्याकडं ट्रकवर, घरात तिसरं माणूस नाही. आणि मालकांचा खाक्या असा, की एक दिवस बाई आली नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनवर दुसरी.

म्हणून शोभानं लेकरांना आत ठेवलं, बाहेरून कुलूप लावलं आणि आली कामाला. तासाभरात सुई बोटात घुसली. मास्तरनं चिंधी बांधता बांधता तिचा सवाल टाकला. शोभानं कमरेची किल्ली दाखवली.

मास्तरनं चिंधीची गाठ मारली आणि म्हणाली, "जा. आधी कुलूप काढ. शाळा उघडंस्तोवर येऊ नगंस."

"आन् मशीन गेली म्हंजे?"

"कशी जाती? मी हाय की."

तिनं स्वतःचा चौकड्याचा रुमाल शोभाच्या स्टुलावर टाकला. एसटीच्या खिडकीतून आपण जागा धरायला टाकतो ना, तसा.

दुसऱ्या दिवशी मालक भूमकडची एक नवी बाई घेऊन आले. ती स्टुलापाशी आली, रुमाल बघितला आणि उभीच राहिली.

"बस की," मालक म्हणाले.

"कुणीतरी जागा धरलीय."

"ही काय एसटी हाय का?"

"एसटी नसंना का. रुमाल हाय न्हवं."

आम्ही खाली माना घालून हसलो.

मालक वाईट नव्हते, माल वेळेत पोचवायचा घोर होता त्यांना. मास्तरजवळ जाऊन हळू म्हणाले, "तुमच्या शब्दाखातर शोभाची जागा ठेवतो. बाकीच्यांजवळ बोलू नका."

मास्तरनं कात्री टेबलावर ठेवली. "मग न्हाय जमायचं, मालक. उद्या मी नसले म्हंजे दुसरीनं कुणाच्या शब्दावर घरी ऱ्हावं? शाळा बंद पडली की जिचं लेकरू लहान, तिची मशीन तिचीच. सगळ्यांदेखत बोला."

"आन् माल कोण काढायचा?"

"वाटून काढतो की आमी. काय गं पोरींनो?"

कापलेलं कापड संपलं, एकेक मशीन थांबली. पत्र्यावरचा पाऊस तेवढा वाजत होता. मला वाटलं, शोभापाठोपाठ आता मास्तरचंही काम जातंय. मालकांनी अर्धा चहा तसाच ठेवला, मधोमध उभे राहिले आणि बोलले. लाजत बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. नव्या बाईला माझ्या शेजारी काज-बटणाला बसवलं. शाळा उघडल्यावर शोभा आली ती आपल्याच मशीनवर.

आता मास्तर नाही. गुडघे धरले, तशी लेकीकडं माकणीला गेली. कापायला एक माणूस येतो, सफाईदार कापतो, पण कुणाला काही विचारत नाही.

परवा परत शाळा बंद होती. एका नव्या पोरीनं मला फोन केला, "मावशी, मी घरीच हाय, शाळा उघडली की येते." मी विचारलं, मालक काय म्हणाले?

"काय म्हणतेत? हितं रीतच हाय की तशी."

तिनं मास्तरला बघितलेलंसुद्धा नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिकडं लेकरू रडायला लागलं आणि तिनं फोन ठेवून दिला.

हे मास्तरला समोर बसून सांगायचंय मला. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, आणि मला एकटीला तेवढा प्रवास होत नाही. तुम्ही तर उद्याच निघालात म्हणे. तेव्हा लवकर या परत. मिळून माकणीला जाऊ.