मातीचा सांधा

शाहूपुरीतली एक भाडेकरू असलेली इमारत मी हुज्जत घालून स्वस्तात विकत घेतली आणि आठवड्यातच महापालिकेची नोटीस आली: मागच्या बोळात विनापरवाना वाढवलेली न्हाणी तीन दिवसांत पाडा, नाहीतर इमारतीला सील. सहा भाडेकरू रस्त्यावर आले असते.

एक म्हातारा गवंडी आला. थापीच्या मुठीने भिंतीवर टकटक करत, कान लावून ऐकत राहिला. मग त्याने दर सांगितला. मी भडकलो आणि त्याला हाकललं. स्वस्तातल्या दोघांनी दोन दिवस घण घातले, पण न्हाणी हलेना. शेवटच्या दिवशी मी मुकाट्याने म्हाताऱ्यालाच बोलावलं. त्याने तोंडातलं पान निवांत संपवलं, कोपऱ्यातली एक वीट पहारीने उचकटली आणि सगळी न्हाणी खाली बसली.

"आं? हे कसं काय?"

"मीच बांधलीय न्हवं, पावणं. बेकायदा कामात एक सांधा मातीचा ठेवतोय. आज ना उद्या पाडायला मलाच बोलवत्यात की!"

त्याचं नावही मी विचारलं नाही, इतका संताप झाला होता. आयुष्यभर घासाघीस करून मी वर आलो, आणि या माणसाने मला भेटायच्या कितीतरी वर्षं आधीच खिशात घातलं होतं.