केस बघून आणलेली सून

केसांच्या गप्पा गुंतवळासारख्या असतात. फणीला एकेक केस लागतो तेव्हा काही वाटत नाही. बोटाभोवती गुंडाळायला घेतलं की चांगला गोळा होतो. शेणवे गावात, माझ्या सासरी, घरामागे न्हाणीच्या दगडाशी बायका डोकी वाळवत बसतात. मी नवी, त्यामुळे बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. तिथेच हे सगळं साठलं.

पहिला किस्सा माझाच, पण तो इतरांनाच जास्त पाठ आहे.

मला बघायला आले तेव्हा भाकरी येते का, भातलावणी येते का, सासूबाईंनी काही विचारलं नाही. पाटावर बसवून बुचडा सोडायला लावला. केस पाटावरून भुईला टेकले. सासरे अजून गूळपाणी पीत होते.

"उठा आता," सासूबाई म्हणाल्या. "जालं बगून."

पुढे माझ्या हातून काही बिघडलं की त्या उसासा टाकायच्या, "केस बगून आनली, कुनाला बोलू?"

*

आमच्या थोरल्या जाऊबाईंचे केस दाट, पण त्यांना न्हायला वारच सापडत नसे. सोमवारी उपास. मंगळवार देवीचा. बुधवारी न्हायलं तर मुरबाडच्या भावाला बाधतं. शुक्रवार मोकळा, तर नेमके पाहुणे येणार.

एका बुधवारी बघते तर बाई शिकेकाई कुटून खुशाल दगडावर बसलेल्या. मी हळूच विचारलं, "आणि भाऊ?"

"गेल्या भाऊबीजंला लुगडं न देता धाडलं मला त्यानं," डोक्यावर तांब्या ओतत त्या म्हणाल्या. "बाधू दे जरा."

*

आमचे हे उंबरमाळीकडे रेल्वेच्या कामावर असतात. दूरदेशी चाललेल्या लढाईमुळे साधं खोबरेल मिळायची मारामार, तरी यांनी कल्याणहून वासाच्या तेलाची बाटली आणली. वरच्या कागदावर घोट्यापर्यंत मोकळे केस सोडलेली बाई, डोक्यामागे पिवळा उजेड. मी लाजून बाटली कोनाड्यात लपवली.

सकाळी बाटली देव्हाऱ्यात. वर कुंकू, जास्वंद.

"कल्यानची देवी दिसतेय," जाऊबाई म्हणाल्या. सासूबाईंनी हात जोडले. नवऱ्याने माझ्या केसांसाठी तेल आणलं, हे नव्या नवरीने चारचौघींत सांगायचं कसं?

पुढच्या खेपेला हे घरी आले. माझ्या डोक्याला वास येईना, म्हणून जरा नाराजच दिसले. मग देवाला पाया पडायला गेले आणि डोकं खाजवत परत आले.

"आता काढायची कशी?"

"तुम्हीच काढा," मी म्हटलं.

ते पुन्हा आत गेले. पुन्हा पाया पडून आले.

*

आश्विनात मला हिवताप आला. ताप गेला आणि केस जायला लागले. फणी फिरवायची भीती वाटे. उशीवर केस, पदरावर केस. सगळे गोळा करून मी चुलीमागच्या कुडात कोंबायची.

त्यात नणंदेचं लग्न ठरलेलं. वैशाखरे गावच्या मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, हळदीला येणार होत्या. दोघी बहिणींचं जन्माचं वाकडं. आणि सासूबाईंनी तिकडे सांगून ठेवलेलं, "माजी सून बसली की केस भुईवर लोळतात." मावशी कशाला सोडतील? चार गावांच्या बायकांत सासूबाईंचं नाक कापलं जाणार, तेही माझ्यापायी.

एका दुपारी सासूबाई माक्याचा पाला घालून तेल कढवत होत्या. म्हणाल्या, "बस हितं."

त्यांनी बुचडा सोडला. हात मध्येच थांबला. मग तेल चोळायला लागल्या.

"गळतात, आत्या," मी सासूबाईंना म्हटलं.

"तापानं जीव नेला नाय, केस नेलं. डोलं मीट, तेल जाईल."

"मावशी येणार आहेत."

"येऊ दे."

*

आमच्याकडे हळद लागायच्या आधी आलेल्या सवाष्णींनी घरच्या सवाष्णींच्या डोक्याला तेल घालून केस विंचरायचे, अशी रीत आहे. मांडवात मावशी तेलाची वाटी घेऊन बसल्या. भोवती दोन्हीकडच्या बायका.

"कुठं हाय गो ती केसांची सून? ये, सोड बुचडा. आमाला बी बगू दे."

मी पुढे गेले. मावशींचा हात माझ्या मानेपाशी आला.

तेवढ्यात पिठाच्या हातांनी सासूबाई आल्या, मला बाजूला सारून पाटावर बसल्या. "थोरली मी हाय. पयलं तेल माज्या डोक्याला. रीत इसरलीस काय?"

मावशींनी सासूबाईंच्या केसांतला आकडा ओढला. बुचड्यातून काळ्या चिंध्यांचा मुठीएवढा गोळा सुटला आणि मांडवाच्या खांबापर्यंत घरंगळत गेला. मागे राहिले करंगळीएवढे केस.

मग मावशींना हसू फुटलं, आणि मांडवच हसायला लागला.

"आगो, जलमभर या बुचड्यानं मला जालीत आलीस!"

"तुला आयतं जलायची हौस," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या.

हळद लागली, जेवणं झाली, तरी तेच चाललं होतं. माझी आठवण कुणालाच राहिली नाही.

सासूबाईंनी मात्र मघाशीच, सगळ्यांच्या देखत, गोळा उचलून झटकला होता, केसांत बसवला होता आणि मागे न बघता माझ्यापुढे हात केला होता.

"आकडा दे गो. तुज्या पायाशी पडलाय."