सहाशे भागिले दोन

आमच्या अण्णांना भागाकाराचं नेमकं उत्तर कधी लागायचंच नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण घरात विचारायचे ते एवढंच, की उत्तर कशापेक्षा जास्त आणि कशापेक्षा कमी? चारशे सदतीसला एकोणीसने भागायचं असेल तर आधी विसाने भागून बघायचं. एकवीसच्या वर येतं ना? एकोणीस विसापेक्षा लहान, म्हणजे खरं उत्तर त्याहूनही मोठं. भाजक लहान झाला की उत्तर वाढतं, हे मला लहानपणी फार अन्यायाचं वाटायचं. मग ते व्यस्त सांगत. दोनापेक्षा तीन मोठे, पण अर्ध्यापेक्षा तिसरा हिस्सा लहान. संख्या उलटी केली की लहानमोठेपणही उलटतं. मला घाईने एकच उत्तर हवं असायचं, त्यामुळे आमची वही बहुतेक भांडणातच मिटायची. आई चुलीपाशी भाकरी थापत ते सगळं ऐकत असायची. तिची शाळा चौथीला सुटली होती.

शेवटच्या वर्षी आईच्या फुप्फुसांनी हात टेकले. संगमनेरच्या घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि वीज गेली तर असू दे म्हणून एक सिलिंडर. आई दिवसभर नळी लावून खिडकीशी बसे. तिने कधी काही मागितलं नव्हतं, आता एकच मागणं लावून धरलं. राजूरच्या पुढे डोंगरात तिचं माहेर, आणि तिथे तिची थोरली बहीण. मावशीचे गुडघे गेलेले, ती घराबाहेर पडत नव्हती. आईला तिला एकदा भेटायचं होतं. मी पुण्याहून गाडी घेऊन आले, मावशीला फोन केला, उद्या येतो म्हणून सांगितलंसुद्धा.

त्या संध्याकाळी अण्णा कागद घेऊन बसले. सिलिंडरचा काटा पाहून त्यांनी सहाशे लिटर धरले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बसल्या जागी मिनिटाला दोन लिटर, हालचाल केली तर तीन. म्हणजे सहाशेचा तिसरा हिस्सा ते निम्मे, दोनशे मिनिटांपेक्षा कमी नाही, तीनशेपेक्षा जास्त नाही. मावशीकडे पोचल्यावर मशीन लावायचं होतं, त्यामुळे सिलिंडर फक्त जाण्यायेण्यापुरता. जाऊनयेऊन एकशेवीस किलोमीटर. गाडी तासाला तीसच्या खाली जाणार नाही, पंचेचाळीसच्या वर जाणार नाही. म्हणजे कमी लागले तर अडीच-पावणेतीन तास, नाहीतर चार. त्यांनी प्रवासाचे चार तास धरले आणि ऑक्सिजनची दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. दोन्हीकडची वाईट टोकं उचलली आणि कागद बाजूला ठेवला. जमत नाही, म्हणाले. दुकानदार दुसरं सिलिंडर चार दिवसांनी देणार होता, तेव्हा जाऊ.

आई खिडकीशी बसून म्हणाली, "अहो, गाडीत बसायचंच हाय ना मला? चालायचं न्हाई, भांडी घासायची न्हाईत. मग तीन कशाला धरताय? दोन धरा."

दोन धरले तर पाच तास मिळत होते. रस्त्याला चार लागले असते तरी वर तासभर उरत होता. अण्णांनी आयुष्यभर जे शिकवलं तेच ती करत होती, फक्त भाजक तिच्या स्वतःच्या श्वासाचा होता आणि तो किती, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. अण्णांनी मान हलवली नाही. मला तिचं बरोबर आहे हे तेव्हाच कळलं होतं. चहात साखर किती यावरूनही अण्णांशी वाद घालणारी मी त्या दिवशी गप्प बसले, कारण घाटात काही झालं तर, ही भीती मलाही होती. मावशीला मीच पुन्हा फोन करून नाही म्हणून कळवलं.

तिसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात हलवावं लागलं. ती घरी परत आली नाही. दुसरं सिलिंडर सांगितल्याप्रमाणे चौथ्या दिवशी आलं.

आता दोन वर्षं झाली. मला आईची आठवण येते तेव्हा तिचं दुखणं आठवत नाही, तो तासभर आठवतो. जास्तीचा, हिशेबातला, न वापरलेला. गेल्या महिन्यात अण्णांना गाडीत घातलं आणि मावशीकडे नेलं. वाटेत अकोले गावात रस्त्याचं काम चालू होतं, राजुरात बाजारचा दिवस, टेम्पो आडवे लागलेले. तरी पावणेदोन तासांत पोचलो, अण्णांनी जायचे धरलेल्या दोन तासांच्या आत. अण्णांनी उतरताना घड्याळ पाहिलं.

मावशी दारातच बसली होती. तिने आत हाक मारून आम्हाला पाणी द्यायला लावलं, बहिणीबद्दल थोडं विचारलं, मग त्या दिवसाचा विषय काढला. म्हणाली, "तुझा फोन आल्ता, येत न्हाई म्हणून. पर मी दिवसभर हितंच बसून हुते. म्हटलं, ती लई हट्टी हाय, येईलच."

अण्णांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "ती निघालीच होती. मी आणलं नाही."