पहिला खांदा

मुरबाडच्या एसटी स्टँडबाहेर ती रानभाजी विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. जुडी बांधायची दोरी ती दातात धरायची, म्हणून बोलणं कमीच. तिचा फौजी मुलगा सीमेवरच्या लढाईत मारला गेला, एवढं बाजाराला ठाऊक होतं.

एकदा सत्तेतल्या पक्षाचा माणूस आला. "मावशी, लढाईचा हुकूम दिला त्या दिल्लीच्या साहेबांची सभा हाय. स्टेजवर तुमचा सत्कार करायचाय."

तिने दोरी दातातून काढली. "आमच्या पाड्यात घर शाकारायला जो मानसं बोलावतो, त्याच्या छपरावरून कोनी पडला, तर दवाखान्यात न्यायच्या डोलीला पयला खांदा बोलावनाऱ्याचाच. लढाईला साहेबानी बोलावलं ना? मंग त्यानी यावं माज्या दारात."

"येऊन काय करनार ते?"

"कशापायी बोलावलं, ते सांगल."

तो हसत निघून गेला. सभेत साहेब विजयावर बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं तापलं. गवताच्या छपराला जो नियम, तो एवढ्या मोठ्या लढाईला का नाही?

पुढच्या बाजारी मी धीर करून विचारलं, "आलं का कोनी?"

तिने नकारार्थी मान हलवली, दोरी पुन्हा दातात धरली.